आकडा एक, कारणे अनेक : स्थिर समस्थानिकांविषयी वाचकांचे प्रश्न

पाणी, माती, झाडे आणि प्राणी यांच्यातील स्थिर समस्थानिकांबद्दल (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वजनांच्या आणि क्षय न होणाऱ्या अणूंबद्दल) आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे. प्रयोगशाळेतून आकडा हातात आला, पण त्यावरून काय म्हणायचे आणि काय म्हणायचे नाही, ते कळत नाही.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्याच्या अहवालात ‘ऑक्सिजन-१८ : उणे ६’ असे लिहिले आहे. पाण्यात उणे ऑक्सिजन कसा असेल? हे पाणी किरणोत्सारी तर नाही ना?

उत्तर : किरणोत्साराची काळजी नको. ऑक्सिजन-१६ आणि ऑक्सिजन-१८ दोन्ही स्थिर आहेत, त्यांचा क्षय होत नाही. दोघांत फरक दोन न्यूट्रॉनांचा, म्हणजे वजनाचा.

‘उणे ६’ ही मोजणी नसून तुलना आहे. नमुन्यातील जड आणि हलक्या अणूंच्या गुणोत्तराला मानक पाण्याच्या गुणोत्तराने भागायचे, त्यातून १ वजा करायचा आणि १००० ने गुणायचे. जे येते त्याला डेल्टा मूल्य म्हणतात आणि ते प्रति हजार (‰) असे लिहितात. पाण्यासाठीचे मानक समुद्राच्या सरासरी पाण्याशी जुळवलेले आहे. त्यात ऑक्सिजन-१६ च्या दर दहा लाख अणूंमागे ऑक्सिजन-१८ चे सुमारे २००५ अणू असतात. तुमच्या विहिरीच्या पाण्यात ते सुमारे १९९३ आहेत. वाफ होताना जड रेणू मागे राहतात, त्यामुळे पाऊस आणि पावसावर भरणारे भूजल समुद्रापेक्षा हलके असते. उणे चिन्ह एवढेच सांगते. दहा लाखांत बारा अणूंचा हा फरक आहे हे मात्र लक्षात ठेवा, कारण पुढच्या उत्तरांतली सगळी काटेकोर खटपट त्यासाठीच आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. तलाव, विहिरी आणि पाऊस यांचे नमुने घेऊन ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ यांचा आलेख काढला. तलावाचे बिंदू पर्जन्यरेषेच्या खाली आले. सर म्हणतात, ते बाष्पीभवनामुळे. पण काही विहिरींचे आणि पावसाचेही दोन-तीन बिंदू खाली आले आहेत. नमुने चार महिने कपाटात होते. हे खरे बाष्पीभवन समजायचे की बाटलीचा दोष?

उत्तर : शंका अगदी योग्य जागी आली आहे. आधी रेषा समजून घेऊ. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या गोड्या पाण्याचे आकडे मांडले तेव्हा ‘ड्यूटेरियम = ८ × ऑक्सिजन-१८ + १०’ ही रेषा मिळाली. हीच जागतिक पर्जन्यरेषा. यातला ८ येतो वाफ आणि पाणी यांच्या समतोलातून. २५ अंश सेल्सिअसला द्रव पाणी त्याच्या वाफेपेक्षा ऑक्सिजन-१८ मध्ये सुमारे ९.३ ‰ नी आणि ड्यूटेरियममध्ये सुमारे ७६ ‰ नी जड असते. भागाकार आठच्या आसपास. ढगात हा समतोल बऱ्यापैकी साधतो.

उघड्या तलावावर तो साधत नाही. वरची हवा कोरडी असते आणि वाफेला पृष्ठभागालगतच्या हवेतून विसरणाने वर जावे लागते. या टप्प्यात ऑक्सिजन-१८ असलेला आणि ड्यूटेरियम असलेला, हे दोन्ही जड रेणू जवळपास सारखेच मागे पडतात. ९.३ आणि ७६ या दोन्ही आकड्यांत सारखीच भर घातली की गुणोत्तर घसरते. म्हणून तलावाच्या रेषेचा उतार बहुधा ४ ते ६ असतो आणि हवा जितकी कोरडी तितका तो कमी.

सैल झाकणातून बाटलीतले पाणी उडते तेव्हाही हेच घडते, त्यामुळे नुसत्या आलेखावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. किती बिघडते ते पाहा. बाटलीतले ५ टक्के पाणी गेले तर ऑक्सिजन-१८ साधारण अर्ध्या ते एक ‰ नी वाढतो, आणि यंत्र ०.१ ‰ पर्यंतचा फरक दाखवते. समजा वाढ ०.७ झाली आणि उतार ५ असला तर ड्यूटेरियम ३.५ ने वाढेल. मग ड्यूटेरियम-आधिक्य, म्हणजे ड्यूटेरियम वजा ८ × ऑक्सिजन-१८, हे २.१ ने घटेल. प्रबंधात ‘बाष्पीभवनाचा पुरावा’ म्हणून एखादा परिच्छेद लिहायला एवढी घट पुरते.

तुमच्याकडे भरतेवेळचे वजन बहुधा नसेल. तरी तीन तपासण्या करता येतील. पहिली, ड्यूटेरियम-आधिक्य आणि साठवणीचे दिवस यांचा आलेख काढा. जुन्या आणि अर्धवट भरलेल्या बाटल्याच खाली येत असतील तर दोष साठवणीचा. दुसरी, विहिरींचे बिंदू तलाव आणि तलावापासून दूरची विहीर यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसतात का पाहा. बसत असतील, आणि क्लोराइडही त्याच हिशेबाने वाढत असेल, तर तलावाचे पाणी विहिरीत झिरपत असल्याचे मानायला हरकत नाही. बाटलीच्या दोषात क्लोराइड फार तर उडालेल्या पाण्याइतकेच, म्हणजे पाचेक टक्के वाढते. तिसरी, खाली आलेल्या सरी किती मिलिमीटरच्या होत्या ते नोंदवहीत बघा. एक-दोन मिलिमीटरच्या भुरभुरीचे थेंब जमिनीवर येईपर्यंत वाटेतच काही अंशी उडतात, आणि तो परिणाम खरा असतो. विहिरींचे नमुने पुन्हा घ्या. पाऊस मात्र पुन्हा मिळत नाही, तेव्हा शंका असलेले आकडे तसे नमूद करून वगळा.

पुढच्या वेळी असे करा. ५० मिलिलिटरची, जाड भिंतीची, अरुंद तोंडाची एचडीपीई (उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची) बाटली घ्या. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली नको, तिच्या भिंतीतून वाफ जाते. नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळा, बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा, झाकण घट्ट करून बाहेरून पुसा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. यंत्रावर ठेवण्याआधी पुन्हा वजन करा. अर्धा ग्रॅम कमी भरले, म्हणजे १ टक्का पाणी गेले. तो नमुना संशयित धरा. आम्ल घालू नका, त्याची गरज नाही. गोठवूही नका, काठोकाठ भरलेली बाटली तडकते. अंधारी, थंड जागा पुरे.

महिन्याचा एकत्र पाऊस गोळा करायचा असेल तर नरसाळ्याची नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, म्हणजे पहिल्या सरीनंतर नळीचे तोंड पाण्याखाली राहते आणि वाफेला वाट उरत नाही. आतली हवा बाहेर जायला एक लांब, बारीक नळी वेगळी लावा. पाण्यावर अर्धा सेंटिमीटर पॅराफिन तेलाचा थर देण्याची जुनी पद्धतही चालते, पण विश्लेषण लेझर यंत्रावर होणार असेल तर ती टाळा. तेलाचा अंश आत गेला की यंत्र दूषित होते.

आणि एक. तुलना जागतिक रेषेशी करू नका, त्या भागाच्या पावसाच्या रेषेशी करा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांचे पर्जन्य-समस्थानिक जाळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आकडे जमवत आले आहे आणि ते खुले आहेत. तिथून जवळच्या केंद्राची रेषा काढता येते.

प्रश्न : प्रयोगशाळेने नमुन्यांचे आकडे दोन दशांशांपर्यंत दिले आहेत. ते खरे मानायचे का? काय विचारावे?

उत्तर : दशांशस्थळांवरून विश्वास ठरवू नका. तीन गोष्टी मागा. एक, कोणती मानके वापरली आणि ती तुमच्या नमुन्यांच्या दोन्ही बाजूंना होती का. नमुने उणे १० ते अधिक २ असतील आणि मानके उणे १५ ते उणे ८ असतील, तर वरचे आकडे नुसत्या अंदाजाने ताणलेले आहेत. दोन, नियंत्रण नमुन्याचा निकाल, म्हणजे ज्याचे मूल्य माहीत आहे पण जो मापनपट्टी जुळवताना वापरला नाही असा नमुना किती आला. तीन, एका नमुन्याची किती इंजेक्शने दिली, म्हणजे त्याचे पाणी यंत्रात किती वेळा सोडले, आणि सुरुवातीची किती वाचने वगळली.

तिसऱ्याचे कारण यंत्राची ‘मेमरी’. आधीच्या नमुन्याचे थोडे पाणी यंत्राच्या भिंतींना चिकटून राहते. आधीचा नमुना उणे १५, तुमचा उणे २, आणि २ टक्के जुने पाणी मिसळले, तर वाचन उणे २.२६ येते. ड्यूटेरियममध्ये हा त्रास आणखी जास्त. म्हणून सहा-आठ इंजेक्शने देऊन पहिली तीन-चार टाकून देतात. पैसे वाचवण्यासाठी हा आकडा कमी केला की तलावाचे आकडे हळूच विहिरीकडे सरकतात.

तुमच्या बाजूने करण्याचा उत्तम उपाय म्हणजे दर दहा नमुन्यांमागे एक पाणी दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवणे, तेही शेजारी शेजारी न ठेवता. या जोड्यांतला फरक हीच तुमची खरी अचूकता.

प्रश्न : गावच्या पाणी समितीचे काम पाहतो. विहिरीतल्या नायट्रेटचे नायट्रोजन-१५ मूल्य अधिक १४ आले. अहवालात ‘सांडपाण्याचे प्रदूषण’ असा निष्कर्ष आहे. शेतकरी म्हणतात बरोबर, घरमालक म्हणतात चूक. हा आकडा निर्णायक आहे का?

उत्तर : नाही. एवढ्या एका आकड्यावर कोणालाही दोषी धरू नका.

निष्कर्षामागचा विचार असा असतो. रासायनिक खतातला नायट्रोजन हवेतून घेतलेला, त्यामुळे त्याचे मूल्य शून्याजवळ, साधारण उणे ४ ते अधिक ४. मातीतल्या सेंद्रिय नायट्रोजनापासून आलेले नायट्रेट अधिक ३ ते ८. शेणखत आणि मैलापाणी यांतून अमोनिया उडून जातो, उडताना हलका नायट्रोजन जास्त जातो, आणि मागे उरलेल्यापासून बनणारे नायट्रेट बहुधा अधिक १० ते २० असते. मग १४ म्हणजे मैलापाणी, असे वाटते.

पण जमिनीखाली प्राणवायू कमी असेल तर जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. याला विनायट्रीकरण म्हणतात. जिवाणूही हलके नायट्रेट आधी वापरतात आणि उरलेले जड होत जाते. किती, तर मूळ मूल्यात ‘फ्रॅक्शनेशनचा (हलके-जड वेगळे होण्याचा) आकडा × उरलेल्या भागाचा नैसर्गिक लॉगरिदम’ मिळवायचा. खताचे नायट्रेट अधिक ४ धरा, फ्रॅक्शनेशन उणे १५ धरा आणि निम्मे नायट्रेट संपले असे समजा. अर्ध्याचा लॉगरिदम उणे ०.६९३, गुणाकार अधिक १०.४, उत्तर अधिक १४.४. शुद्ध खताचे नायट्रेट तुमच्या अहवालात मैलापाणी बनून उभे राहिले.

दोन्हींत फरक करायला नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ मोजावा लागतो. जमिनीत अमोनियमपासून नायट्रेट बनताना ढोबळमानाने एक ऑक्सिजन हवेतून येतो (अधिक २३.५) आणि दोन पाण्यातून. पाणी उणे ३ असेल तर २३.५ मधून ६ वजा करून तीनाने भागा : अधिक ५.८. मैलापाणी, शेणखत किंवा युरिया, सगळ्यांचे ताजे नायट्रेट याच्या आसपास असते. विनायट्रीकरणात नायट्रोजन-१५ जेवढा वाढतो त्याच्या निम्म्याने ते तेवढ्यानेच ऑक्सिजन-१८ वाढतो. म्हणजे नायट्रोजन अधिक १४ आणि ऑक्सिजन अधिक ६ आला तर मैलापाणी किंवा शेणखत हा अंदाज बळकट होतो. ऑक्सिजन अधिक ११ ते १६ आला तर आधी विनायट्रीकरणाचा संशय घ्या. खतात तयार नायट्रेट असेल तर त्याचा ऑक्सिजन मुळातच वीसच्या आसपास असतो. कोणते खत पडते याची चौकशी म्हणूनच करायची.

एकाच विहिरीवर थांबू नका. दहा-बारा विहिरींचे आकडे घेऊन दोन आलेख काढा. नायट्रोजन-१५ विरुद्ध नायट्रेटच्या तीव्रतेचा लॉगरिदम सरळ रेषेत आला तर नायट्रेट वाटेत संपते आहे. नायट्रोजन-१५ विरुद्ध ‘१ भागिले तीव्रता’ सरळ आला तर दोन स्रोतांचे मिश्रण आहे. सोबत विद्राव्य प्राणवायू विहिरीवरच मोजा. तो लिटरला ५-६ मिलिग्रॅम असेल तर तिथे विनायट्रीकरण चालू असण्याची शक्यता कमी, मात्र पाणी वरच्या बाजूने येताना ते घडून गेलेले असू शकते.

नमुना घेताना साचलेले पाणी घेऊ नका. तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पंप चालू ठेवा. जागच्या जागी ०.४५ मायक्रॉनच्या, जमल्यास ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, नाहीतर बाटलीतले जिवाणू प्रवासातच काम सुरू करतात. लगेच बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी उणे २० अंशांना गोठवा. गोठवायचे असल्यामुळे ही बाटली तीन-चतुर्थांशच भरायची. पाण्याच्या समस्थानिकांची बाटली वेगळी आणि काठोकाठ. एकाच बाटलीत दोन्ही कामे उरकायला जाऊ नका. नायट्राइट असेल तर प्रयोगशाळेला आधी कळवा. ते काढले नाही तर नेहमीच्या पद्धतीत नायट्रेटबरोबर तेही मोजले जाते आणि ऑक्सिजनचा आकडा बिघडतो.

शेणखत आणि मैलापाणी यांच्यात निवाडा करणे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी बोरॉनची समस्थानिके किंवा माणसांच्याच वापरातून येणारे पदार्थ, उदाहरणार्थ कॅफीन आणि औषधांचे अंश, तपासावे लागतात. तोवर ‘जनावरांचा किंवा माणसांचा मैला’ एवढेच लिहिणे प्रामाणिक.

प्रश्न : ऑक्सिजन-१८ वरून पुराच्या पाण्यात नव्या पावसाचा वाटा ५० टक्के असा हिशेब निघाला. यात चूक किती धरावी?

उत्तर : ते पाऊस आणि भूजल यांच्या मूल्यांतल्या अंतरावर अवलंबून. सूत्र साधे आहे : नदी वजा भूजल, भागिले पाऊस वजा भूजल. नदीच्या मापनात ०.२ ‰ आणि दोन्ही टोकांत (पाऊस आणि भूजल) प्रत्येकी ०.३ ‰ अनिश्चितता धरली, आणि पाऊस-भूजल अंतर ६ ‰ असले, तर ५० टक्क्यांवर अधिक-उणे ५ टक्के. अंतर २ ‰ असले तर अधिक-उणे १५. अंतर अर्ध्या ‰ वर आले तर हिशेब करूच नका. शिवाय एकाच वादळात पहिल्या आणि शेवटच्या सरीत काही ‰ चा फरक पडू शकतो, तेव्हा पाऊस टप्प्याटप्प्याने गोळा करून पाऊसमानानुसार भारित सरासरी घ्या. तिसरा स्रोत, मातीतले पाणी, आला की एक समस्थानिक पुरत नाही. क्लोराइड किंवा सिलिका जोडीला लागते. ड्यूटेरियम इथे दुसरा साक्षीदार म्हणून चालत नाही, तो ऑक्सिजन-१८ च्याच मागे चालतो.

प्रश्न : एकाच तळ्यातील एकाच जातीच्या माशांत कार्बन-१३ चा दीड ते दोन ‰ फरक आला. आहार वेगळा, असे म्हणावे का?

उत्तर : आधी चरबी पाहा. चरबी तयार होताना तीत हलका कार्बन जास्त जातो, त्यामुळे लठ्ठ माशाचा आकडा आपोआप जास्त उणे येतो. अहवालात कार्बन-नायट्रोजनचे वजनी गुणोत्तर असते. ते ३.५ च्या वर असेल तर दुरुस्ती हवी. जलचरांसाठी रूढ दुरुस्ती अशी : मिळालेल्या मूल्यात ‘०.९९ × गुणोत्तर’ मिळवा आणि ३.३२ वजा करा. गुणोत्तर ५ असलेल्या माशात ती अधिक १.६३ येते, ३.३ असलेल्यात जवळपास शून्य. तुमचा बहुतेक फरक इथेच जिरेल असे वाटते.

स्नायूचाच तुकडा घ्या, त्वचा आणि खवले नकोत. ६० अंशांना ४८ तास वाळवून मैद्यासारखे बारीक करा आणि साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम कथिलाच्या कॅप्सूलमध्ये बंद करा. फॉर्मालिन किंवा अल्कोहोलमधले नमुने गोठवलेल्या नमुन्यांशी थेट ताडू नका. खेकडे-शिंपल्यांतला चुना काढायला आम्ल वापरावे लागते, पण ते नायट्रोजन-१५ बिघडवू शकते. म्हणून भुकटीचे दोन भाग करा : आम्ल दिलेला कार्बनसाठी, न दिलेला नायट्रोजनसाठी. अन्नसाखळीची पायरी काढताना दर पायरीला नायट्रोजन-१५ मध्ये ३.४ ‰ वाढ धरतात, पण ती त्याच तळ्यातल्या गोगलगाई किंवा शिंपल्यांच्या पायापासून मोजायची. मैलापाणी येणाऱ्या तळ्यात अख्खी साखळीच वर सरकलेली असते.

प्रश्न : झाड कोणत्या खोलीचे पाणी पिते हे पाने तपासून कळेल का?

उत्तर : पानांवरून नाही. झाडातले पाणी मातीच्या थरांतल्या पाण्याशी ताडायचे असते, पण पानातले पाणी बाष्पोत्सर्जनाने जड झालेले असते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, हिरवी नसलेली फांदी घ्या, साल काढा आणि लगेच हवाबंद काचेच्या बाटलीत टाकून गोठवा. बहुतेक झाडांची मुळे पाणी शोषताना त्याचे मूल्य बदलत नाहीत. खारफुटी आणि काही कोरड्या प्रदेशांतील झाडे ड्यूटेरियमच्या बाबतीत याला अपवाद आहेत. निर्वात ऊर्ध्वपातनाने फांदीतले पाणी काढतानाही ड्यूटेरियम काही ‰ नी खाली सरकू शकते, त्यामुळे निष्कर्षाचा भार ऑक्सिजन-१८ वर ठेवा. लेझर यंत्रावर मोजत असाल तर वनस्पतीतल्या मिथेनॉलमुळे वाचन चुकते. असे नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर (वजनानुसार अणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) द्या.

मातीचे नमुने त्याच दिवशी १०, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटरवरून घ्या, आणि शक्य असेल तर त्यांचे विश्लेषण आधी करून घ्या. थरांमधला फरक १ ‰ च्या आतच असेल तर फांद्यांवर खर्च करू नका. लांबलेल्या कोरड्या काळानंतर वरचा थर पुरेसा जड होतो, तेव्हा पुन्हा जा.